मुळांना वळण लावणारे पाहुणे



साहित्याच्या व्यासपीठावर मी आज मुळांविषयी बोलणार आहे, आणि तेही शेतातल्या, माती लागलेल्या मुळांविषयी. आपल्यातल्या पुष्कळ घरांची धार-देवास भागात कधीकाळी जमीन होती, काहींची आजही आहे. ज्यांची नाही त्यांच्या घरीही एकादशीला रताळे शिजतेच. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

सुरुवात डहीपासून करतो. डही म्हणजे आपल्या धार जिल्ह्याचा नैऋत्य कोपरा. विंध्याचा घाट उतरून माळव्यातून निमाडात आलो आणि कुक्षीच्या पुढे नर्मदेच्या अंगाने गेलो की हे गाव लागते. कापूस, मका आणि सोयाबीन ही तिकडची नेहमीची पिके. गेल्या पावसाळ्यात तिथे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर उभा होतो. त्याने सोयाबीनचे एक रोप उपटून माझ्यापुढे धरले. मुळांवर मोहरीपासून वाटाण्याएवढ्या गाठी लगडल्या होत्या. त्याला वाटत होते, मुळांना कीड लागली. कुठले औषध सोडावे, एवढेच त्याला विचारायचे होते. दुकानदाराने त्याला एक डबा सुचवलाही होता.

मी एक गाठ बोटाने चोळली. ती अलगद सुटून आली. नखाने चिरली तर आत गुलाबी, जवळजवळ रक्तासारखी. म्हटले, ही कीड नव्हे, हा तुझा खताचा कारखाना आहे. याच्यावर विष ओतू नकोस. खरी कीड, म्हणजे सूत्रकृमी, असली तर मूळच ठिकठिकाणी सुजलेले दिसते; ती सूज चोळून निघत नाही, आणि आत गुलाबी रंगही नसतो. त्याने लगेच दुसरा प्रश्न केला आणि त्या प्रश्नाने मला आजचा विषय दिला. त्याने विचारले, कीड नाही तर मग या गाठी केल्या कोणी? झाडाने की आणखी कोणी?

उत्तर असे आहे की गाठ बांधली झाडाने, पण बांधायचा हुकूम दिला जीवाणूच्या जनुकांनी. मुळाचा आकार आपल्याला झाडाचा स्वतःचा वाटतो. प्रत्यक्षात मातीतले जीवाणू त्या आकारात फार मोठा हात घालतात, आणि त्यांच्या तीन तऱ्हा आहेत. कोणी बाहेर बसून झाडाचे औषध स्वतःच तयार करतो, कोणी निरोप धाडून काम करवून घेतो, आणि कोणी सरळ घरात शिरून आपले जनुकच झाडाच्या जनुकांत ठेवून जातो. या तिन्ही तऱ्हा डहीच्या एका शिवारात आणि आपल्या स्वयंपाकघरात सापडतात.

आधी मूळ वाढते कसे ते थोडक्यात पाहू. झाडाच्या अंगात संप्रेरके असतात. त्यांतली दोन आपल्या कामाची आहेत, ऑक्झिन आणि सायटोकायनिन. ऑक्झिनचे पारडे जड झाले की मुळे फुटतात, बाजूच्या शाखा निघतात. सायटोकायनिनचे जड झाले की कल अंकुर आणि पाने फुटण्याकडे जातो. पेशी कुठे विभागायची, कुठे लांबायची, हे बरेचसे या तोलावर ठरते. म्हणजे मुळाला वळण लावायचे तर सगळे झाड ताब्यात घ्यावे लागत नाही, हा तोल हलवला तरी पुरते.

पहिली तऱ्हा मक्याच्या शेतात दिसते. मका, ज्वारी, गहू यांच्या मुळांभोवती ॲझोस्पिरिलम नावाचा जीवाणू राहतो. दुकानात जैविक खत म्हणून तो मिळतोही. तो हवेतला नत्र थोडाफार बांधतो, पण त्याचे मोठे काम वेगळेच आहे. मुळातून झिरपणाऱ्या एका अमिनो आम्लापासून तो स्वतःच ऑक्झिन तयार करतो. या कामातला कळीचा टप्पा एका जनुकाच्या हाती आहे. शास्त्रज्ञांनी ते जनुक मोडून पाहिले, तेव्हा जीवाणू जिवंत राहिला, मुळाला चिकटलाही, पण ऑक्झिन अगदीच थोडे होऊ लागले आणि मुळावरचा परिणाम ओसरला. जनुक शाबूत असेल तर बाजूची मुळे आणि मुळावरचे बारीक केस वाढतात, आणि पाणी व क्षार शोषायला जास्त पृष्ठभाग मिळतो. मात्र जीवाणूंची संख्या फारच वाढली तर मुळाची लांबी उलट खुंटते. जास्त पुड्या म्हणजे जास्त पीक, हे गणित इथे लागू पडत नाही.

याच तऱ्हेचे आणखी काही जीवाणू उलट्या बाजूने काम करतात. झाड पाण्याच्या ताणात किंवा क्षारांच्या जाचात सापडले की इथिलीन नावाचा वायू सोडते आणि मुळांची वाढ आवरते. काही जीवाणूंकडे असे एक जनुक असते की त्याचे प्रथिन इथिलीनचा कच्चा माल मुळाबाहेरच फोडून खाऊन टाकते. इथिलीन कमी झाले की मूळ लांबत राहते. एक जीवाणू वाढीचा रस पुरवतो, दुसरा रोखणारा हात बाजूला करतो.

दुसरी तऱ्हा सोयाबीनची. ती सगळ्यांत नजाकतीची आहे.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण कोणत्याही झाडाला तो सरळ घेता येत नाही. डाळवर्गीय पिके या अडचणीतून जीवाणूंच्या मदतीने वाट काढतात, हे जर्मनीत हेलरीगेल यांनी १८८६ साली जाहीर केले, आणि १८८८ साली हॉलंडच्या बायेरिंक यांनी गाठींतला जीवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. त्याला आपण ढोबळपणे रायझोबियम म्हणतो. सोयाबीनच्या गाठीतल्याचे नाव ब्रॅडीरायझोबियम. पण जीवाणू गाठ घडवतो कसा, हे कळायला आणखी शंभर वर्षे लागली.

क्रम असा आहे. सोयाबीनचे मूळ मातीत काही रसायने सोडते, त्यांना फ्लेव्होनॉइड म्हणतात. जीवाणूमध्ये नॉड-डी नावाचे एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे असते. ते ही रसायने ओळखते आणि जीवाणूच्या इतर नॉड जनुकांची कळ दाबते. मग तीन जनुके कामाला लागतात. नॉड-सी साखरेच्या चार-पाच कड्यांची एक साखळी ओवते. नॉड-बी टोकाच्या कडीवरचा एक गट काढून जागा मोकळी करते. नॉड-ए त्या जागी स्निग्धाम्लाचे एक शेपूट जोडते. शेवटी त्या त्या जातीचे खास जनुक आपली खूण उमटवते. सोयाबीनच्या जीवाणूत फ्यूकोज नावाची एक छोटी साखर चिकटवली जाते. असा तयार झालेला रेणू म्हणजे नॉड घटक, मुळाला धाडलेला निरोप. त्याची रचना १९९० साली फ्रान्समधल्या तुलूझच्या शास्त्रज्ञांनी लसूणघासाच्या जीवाणूत उलगडली.

या निरोपाची ताकद पाहा. एका ग्रॅमच्या कित्येक कोटींव्या हिश्शाएवढा रेणू पाण्यात असला तरी मुळावरचा केस टोकाशी आकडीसारखा वळतो आणि त्या आकडीत जीवाणू धरला जातो. केसाच्या आत एक बारीक नळी तयार होऊ लागते, आणि जीवाणू तिच्यातून आत उतरतात. ते पोचायच्या आधीच मुळाच्या आतल्या थरातल्या पेशी विभागू लागतात. पाहुणा उंबरठ्यावर असतो तोवर आत खोली बांधायला घेतलेली असते. त्याच संशोधकांनी पुढे दाखवले की लसूणघासाच्या मुळाला जीवाणू न देता नुसता शुद्ध नॉड घटक दिला तरी गाठ उभी राहू लागते. जीवाणूचे जनुक झाडात गेलेच नाही, फक्त निरोप गेला, आणि झाडाने स्वतःच्या जनुकांनी नवा अवयव बांधला.

गाठीच्या आत जीवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतो. ते करणारे त्याचे यंत्र प्राणवायूने बिघडते, आणि जगायला प्राणवायू तर हवाच. म्हणून झाड एक प्रथिन तयार करते, लेगहीमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हीमोग्लोबिनचे ते दूरचे नातलग. प्राणवायूला ते बोटाशी धरून हवा तेवढाच पुढे सोडते. डहीच्या त्या गाठीतला गुलाबी रंग त्याचाच. आत गुलाबी म्हणजे कारखाना चालू; पांढरी म्हणजे अजून सुरू झाला नाही किंवा जीवाणू कुचकामी; हिरवट-तपकिरी म्हणजे काम आटोपले.

आता आपल्या प्रांताकडे येतो. सोयाबीन माळव्यात मोठ्या प्रमाणावर आले ते १९७० च्या सुमारास आणि त्यानंतर. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा त्यात मोठा वाटा होता, आणि १९८७ साली इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले. त्याआधी आपल्या काळ्या जमिनी पावसाळ्यात बहुधा पडीक असत; ओल धरून ठेवायची आणि रब्बीत गहू-हरभरा पेरायचा, अशी रीत होती. हरभऱ्याचा जीवाणू या मातीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. पण त्याचा सोयाबीनला काही उपयोग नाही! प्रत्येक जीवाणूच्या निरोपाची घडण वेगळी, आणि मूळ आपल्या ओळखीच्या खुणेलाच दार उघडते. मुळाच्या दारावरची ती ओळखणारी प्रथिने २००३ साली सापडली. पवारांबरोबर आपले पूर्वज इथे आले त्याला आता तीनशे वर्षे होत आली. आपल्या घरांना ठाऊक आहे, परमुलखात दार उघडते ते तिथली भाषा बोलणाऱ्याला. नव्या पिकाबरोबर त्याची भाषा जाणणारा जीवाणूही नेऊन द्यावा लागतो, आणि कल्चरच्या पुडीत असतो तो हाच.

आणखी एक विलक्षण गोष्ट. ही निरोप लिहिणारी जनुके जीवाणूच्या गुणसूत्रात विखुरलेली नसतात, एका सलग तुकड्यात असतात. सोयाबीनच्या जीवाणूची पूर्ण जनुकलिपी २००२ साली वाचली गेली. तीत सुमारे ९१ लाख अक्षरे आहेत, आणि त्यांतल्या सुमारे ६ लाख ८१ हजार अक्षरांच्या एका तुकड्यात गाठीची बहुतेक विद्या आहे. शास्त्रज्ञ त्याला बेट म्हणतात. काही जातींत हे बेट एका जीवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. न्यूझीलंडमध्ये लोटस नावाच्या चाऱ्याच्या पिकाला एकाच वाणाचा जीवाणू लावला होता. काही वर्षांनी पाहिले तर गाठींत भलतेच जीवाणू होते, त्याच मातीतले, आधी गाठ करता न येणारे. त्यांनी ते बेट पाहुण्याकडून घेतले होते. १९९० च्या दशकातले हे काम आहे. पुडी मातीत टाकली की तिच्यातली विद्या पुडीपुरती राहतेच असे नाही.

मात्र झाड अगदी भोळे नसते. गाठी जितक्या जास्त तितकी साखर जास्त खर्च होते. म्हणून पहिल्या गाठी झाल्या की मूळ पानांकडे एक संकेत धाडते आणि पानांकडून परत आज्ञा येते, आता पुरे. ज्या रोपांत ही लगाम ओढणारी जनुके बिघडतात त्यांच्या मुळांवर गाठींचा खच पडतो आणि मूळ खुरटते. दुसरा लगाम नत्राचा. मातीत आयता नत्र भरपूर असला की झाड जीवाणूला दारच उघडत नाही. सोयाबीनला पेरणीबरोबर थोडे नत्र चालते. पण पीक पिवळे दिसले की युरियाची गोणी रिकामी करण्याची सवय म्हणजे चालता कारखाना बंद करून बाजारातून तोच माल विकत आणणे.

तिसरी तऱ्हा सर्वांत धीट आहे. ॲग्रोबॅक्टेरियम नावाच्या जीवाणूच्या दोन जाती पाहू. एकीने झाडाच्या बुंध्याशी आवळू येते. तिचा जीवाणू १९०७ साली ओळखला गेला, आणि १९७७ साली अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा जीवाणू आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत खरोखरच घालतो. दुसरी जात मुळांची. झाडाला जखम झाली की ती तिथे शिरते, चार ‘रोल’ जनुकांसह आपला तुकडा झाडाच्या जनुकांत ओवते, आणि जखमेतून केसाळ मुळांचे जाळे उसळते. ती मुळे बाटलीत, मातीशिवाय आणि संप्रेरक न घालताही वाढत राहतात, कारण मुळे वाढवायची आज्ञा आता त्यांच्याच जनुकांत बसलेली असते. नीमच-मंदसौरकडे अश्वगंधेची मोठी लागवड आहे. त्या अश्वगंधेची अशी केसाळ मुळे प्रयोगशाळांत वाढवून त्यांतली औषधी द्रव्ये मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत.

दुसऱ्या तऱ्हेत निरोप थांबला की काम थांबते. तिसऱ्या तऱ्हेत जीवाणू मेला तरी त्याची आज्ञा झाडात राहते. बीजपेशीत पोचली तर पुढच्या पिढीतही जाते. असे कधी निसर्गात घडले का? घडले, आणि ते आपण उपासाला खातो.

२०१५ साली बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या आणि पेरूमधल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राच्या संशोधकांनी रताळ्याच्या लागवडीतल्या २९१ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सगळ्यांत, एकही अपवाद न करता, ॲग्रोबॅक्टेरियमचा एक तुकडा सापडला, आणि त्यात ऑक्झिन तयार करणाऱ्या जनुकांचा समावेश होता. तपासलेल्या जवळच्या रानटी नातलगांत तो तुकडा नव्हता. काही नमुन्यांत दुसराही तुकडा होता, आणि त्यात ‘रोल’ घराण्यातली जनुके होती. रताळे म्हणजे मूळच, पोसलेले, साठा केलेले मूळ. मुळाला वाढवणारी परकी जनुके नेमकी त्यातच असावीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या जनुकांमुळेच मूळ पोसले असे अजून सिद्ध झालेले नाही. पण माणसाने हजारो वर्षे निवडून जपलेली रताळी ही तेवढी जनुके बाळगणारीच आहेत, एवढे पक्के. चहा आणि तंबाखूतही असे तुकडे सापडले आहेत. अमेरिका खंडातून आलेले हे कंद आपण एकादशीला, शिवरात्रीला पवित्र मानून खातो, आणि त्यात जीवाणूचे जनुक आहे.

या गोष्टीचा उपयोग दोन्ही बाजूंचे लोक घाईने करतात, म्हणून सांभाळून बोलतो. डहीच्या कापसातले बीटी जनुकही मूळचे एका जीवाणूचे. भारतात त्याला २००२ साली परवानगी मिळाली, आणि ते कापसात घालायला पहिल्या प्रथम हाच ॲग्रोबॅक्टेरियम वापरला होता. रताळे निर्धोक म्हणून कंपनीने घातलेले प्रत्येक जनुक निर्धोक, असे म्हणणे चूक. परके जनुक आहे म्हणून ते विषारी, असे म्हणणेही तितकेच चूक. जनुक कुठून आले यापेक्षा ते झाडात काय करते, शेजारच्या झाडांत आणि किडींत त्याचे पुढे काय होते, आणि बियाणे कोणाच्या मुठीत राहते, हे प्रश्न कामाचे. बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी पुन्हा आली, कारण अळी त्या विषाला सरावली. तिला सरावू न देण्यासाठी शेजारी साधा कापूस लावायचा होता, तो बहुतेकांनी लावलाच नाही. जनुकाने आपले काम केले होते. आपण आपले केले नाही.

डहीच्या त्या शेतकऱ्याला शेवटी जे सांगितले तेच आपल्याला सांगून थांबतो. पेरून पस्तीस-चाळीस दिवस झाले की शेताच्या चार कोपऱ्यांतून एकेक रोप उपटू नका, फावड्याने मातीसकट काढा. ओढले की गाठी मातीतच राहतात. पाण्यात हलकेच धुवा आणि काही गाठी चिरा. गुलाबी दिसल्या तर युरियाला हात लावू नका. गाठीच नसल्या, किंवा आत पांढऱ्या निघाल्या, तर पुढल्या वर्षी कल्चर लावा. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर कल्चर, बियाणे सावलीत वाळवून त्याच दिवशी पेरणी. उन्हात ठेवलेल्या पुडीत मेलेले जीवाणू असतात. ज्या शेतात सोयाबीन कधी झाले नाही तिथे तर पुडीशिवाय पेरूच नका.

त्याने तो विषाचा डबा दुकानात परत दिला. त्याचे पैसे वाचले हे खरेच, पण मला समाधान वेगळे वाटते. मुळांवरच्या गाठी त्याने त्या दिवसापासून शत्रू म्हणून पाहिल्या नाहीत. पुढच्या खेपेस गेलो तेव्हा त्याने स्वतःच शेजाऱ्याचे रोप काढले, गाठ चिरून त्याच्या हातावर ठेवली, आणि आतला रंग पाहायला सांगितला.